हाताला न लागणारी नाडी

रक्तदाबाविषयी या सदरात पूर्वी लिहिताना एक वाक्य मी जाता जाता लिहून गेलो होतो: पहिल्या तपासणीत रक्तदाब दोन्ही हातांत मोजावा. त्याचे कारण मात्र सांगितले नव्हते. दोन्ही हातांत एकाच हृदयाकडून रक्त येते, मग दोनदा मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एका दुर्मीळ विकारात आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोनच नवे रुग्ण आढळावेत, इतका तो विरळा आहे. परंतु तो ज्यांना होतो त्या बहुतांशी तरुण मुली आणि लेकुरवाळ्या स्त्रिया असतात, आणि निदान होईपर्यंत त्यांची कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे फरपट होते. ती फरपट टाळण्यासाठी जे लागते त्यातले पुष्कळसे तुमच्या-आमच्या तीन बोटांत आहे.

समजा, घाटंजी किंवा राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावी चोवीस वर्षांची एक विवाहिता आहे. दरवर्षी कापसाच्या वेचणीत तिचा हात सर्वांच्या पुढे चालतो. यंदा मात्र अर्धी ओळ होते न होते तोच तिचा डावा हात जड पडतो, भरून येतो. ती बांधावर घटकाभर बसते, हात पूर्ववत होतो, पुन्हा वेचायला लागली की पुन्हा तेच. घरी वेणी घालताना हात वर धरवत नाही. संध्याकाळी अंग कसकसते, वजन उतरले आहे. सासूबाई म्हणतात, हिच्या अंगात रक्तच नाही. ते काही अंशी खरेही असते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुढे बारीक ताप हटत नाही म्हणून क्षयाची तपासणी होते. थुंकीत काही सापडत नाही. मग एके दिवशी आशाताई तिला उपकेंद्रात नेतात. डाव्या दंडाला पट्टा बांधून यंत्र सुरू केले, तर ते नुसतेच गुरगुरते आणि आकड्यांऐवजी चुकीची खूण दाखवते. सिस्टर सेल बदलतात, पुन्हा तेच. उजव्या दंडाला बांधल्यावर आकडा येतो तो १७० वर १००. एवढ्याशा पोरीला एवढा रक्तदाब कसा असेल? यंत्र बिघडले आहे, असे ठरते आणि ती घरी परतते.

ही विवाहिता काल्पनिक आहे, पण तिची एकेक तक्रार अगदी खरी आहे. आणि यंत्र बिघडलेले नाही.

या विकाराचे नाव टाकायासू आर्टरायटिस. मराठीत सांगायचे तर मोठ्या रोहिण्यांचा दाह. हृदयातून निघणारी महारोहिणी ही साधारण अंगठ्याएवढ्या जाडीची नळी. तिच्यापासून मान, मेंदू, हात, मूत्रपिंडे, आतडी आणि पाय यांना फांद्या जातात. उतारवयात रोहिणी अरुंद होते ती बहुधा आतून चरबीचा थर बसल्यामुळे, पाटात गाळ साचावा तशी. इथे गाळाचा संबंध नसतो. पाटाच्या भिंतीच सुजतात. शरीराचे संरक्षण करणाऱ्या पेशी काही कारणाने आपल्याच रोहिणीच्या भिंतीवर उलटतात, भिंत जाड होते, पुढे तिथे वण धरतो आणि रक्ताची वाट अरुंद होत जाते. क्वचित ठिकाणी भिंत दुबळी होऊन फुगतेही. मूळ कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. काही जनुकीय ठेवण याला अनुकूल असते. पण आईला झाला म्हणून लेकीला होईलच असे मुळीच नाही, आणि हा संसर्गजन्य तर नाहीच.

हे सारे हळूहळू घडत असल्यामुळेच फसगत होते. एखादी रोहिणी एकाएकी बंद पडली तर हात काळानिळा पडतो, असह्य वेदना होतात आणि माणूस रुग्णालयाकडे धावतो. इथे वाट महिनोन्महिने अरुंद होत असते. तेवढ्या अवधीत शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हाताला जगण्यापुरते रक्त पोहोचवीत राहतात. हात उबदार असतो, रंगही बदलत नाही. फक्त कष्टाचे काम पडले की तो पुरवठा अपुरा ठरतो आणि हात भरून येतो. गंमत अशी की, कधी कधी हाताकडे येणारे हे रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीतून उलटे ओढले जाते. त्यामुळे हाताने जोराचे काम करताना चक्कर येते. आडाचा दोर ओढताना किंवा जाते फिरवताना घेरी येते, असे कोणी सांगितले तर आपण ती अशक्तपणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

विकाराला ज्यांचे नाव मिळाले ते मिकितो टाकायासू हे जपानमधील कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी १९०८ मध्ये आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांच्या सभेत एका एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांविषयी सांगितले. तिच्या दृष्टिपटलावर बारीक रक्तवाहिन्यांची वेलीसारखी गुंफण झाली होती. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोन वैद्यांनी आपापल्या रुग्णांविषयी सांगितले: त्यांच्या डोळ्यांत असेच दिसते, आणि त्यांच्या मनगटाची नाडी लागत नाही. नाव मात्र टाकायासूंचेच राहिले. पुढे १९५१ मध्ये जपानमधील शिमिझू आणि सानो यांनी याला 'नाडीहीन व्याधी' असे म्हटले. तुमच्या ध्यानात ठेवायला हेच नाव अधिक सोयीचे.

परंतु जपानमधले वर्णन जसेच्या तसे आपल्याकडे लागू पडत नाही, आणि हे प्रथम स्पष्ट करणाऱ्यांत आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मंडळी होती, याचा मला अभिमान वाटतो. १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले हृदयरोपण करणारे डॉ. पी. के. सेन हे नाव अनेकांना ठाऊक असते. त्यांचे हे दुसरे काम फारसे कोणाला ठाऊक नसते. डॉ. सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, डॉ. पारुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महारोहिणीचा मधला भाग, म्हणजे छातीच्या खालचा आणि पोटातला भाग, अरुंद झालेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये तर त्यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर एक संपूर्ण ग्रंथच सिद्ध केला. जपानी रुग्णांत मुख्यतः मान आणि हातांच्या रोहिण्या बिघडतात. आपल्याकडे पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या रोहिण्या पुष्कळदा बिघडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते शरीराला रक्तदाब वाढवण्याचा हुकूम सोडते; बिचाऱ्याला वाटते की सगळ्या शरीरातलेच रक्त कमी झाले. म्हणून आपल्याकडे हा विकार नाडी हरवण्याच्या आधी कोवळ्या वयातील उच्च रक्तदाबाच्या रूपाने समोर येण्याचा संभव अधिक. पुरुष रुग्णांचे प्रमाणही आपल्याकडे जपानपेक्षा जास्त आढळते.

डॉ. किनरे यांनी १९७० मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले: अशा रुग्णांत क्षयाच्या खुणा लक्षणीय प्रमाणात सापडतात. क्षयामुळे हा दाह सुरू होतो की काय, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि तो निकालात निघालेला नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. या विकाराच्या आरंभी जी लक्षणे असतात, म्हणजे बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन उतरणे, ईएसआर वाढलेला असणे, ती सगळी क्षयाचीही आहेत. आपल्या जिल्ह्यात अशा तक्रारींवर प्रथम क्षयाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. दोन्ही विकार एकाच देहात नांदू शकतात, हेही खरे. म्हणून हा लेख वाचून कोणी क्षयाची औषधे मनाने थांबवू नयेत, ही हात जोडून विनंती. मात्र क्षयाचा पुरावा मिळालेला नाही, औषधे नियमित घेऊनही ताप आणि अशक्तपणा हटत नाही, आणि रुग्ण तरुण आहे, असे तीन धागे एकत्र आले तर डॉक्टरांना एवढेच विचारावे: हिच्या दोन्ही हातांची नाडी एकदा पाहाल का?

आता या विकाराची इतर सोंगे पाहू. ती इतकी निरनिराळी आहेत की, एकच रुग्ण चार तज्ज्ञांकडे चार वेगळ्या कारणांनी जाऊन आलेला असतो. कोणाची मान एका बाजूने दुखते, दाबले की अधिकच दुखते. घसा तपासला जातो, दात तपासला जातो, आणि दुखत असते मानेतली सुजलेली रोहिणी. कोणाला उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्षणात दृष्टी परत येते. फवारणीच्या दिवसांत अशी तक्रार आली की आपल्याकडे विषबाधेची शंका येते. २०१७ चा तो भीषण हंगाम जिल्हा विसरलेला नाही, त्यामुळे ती शंका योग्यच. पण फवारणी संपून दोन महिने लोटले तरी अंधारी येतच असेल, तर कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. कोणाला जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पोटात कळ येते, म्हणून तो जेवायलाच भितो आणि वाळत जातो. आतड्यांची रोहिणी अरुंद झालेली असते. क्वचित पायांवर लालसर दुखऱ्या गाठी उठतात. क्वचित पंचविशीतल्या तरुणीच्या छातीत चालताना कळ येते, आणि हृदयविकाराचे हे वय नव्हे म्हणून तिला पित्ताची गोळी मिळते. महारोहिणीच्या मुळाशी दाह पोहोचला तर हृदयाची झडप गळू लागते. ती सांधेतापाने बिघडलेली झडप समजली जाते. आणि तरुण वयातला पक्षाघात हे तर याचे सर्वांत क्रूर सोंग.

तंबाखूविषयी एक शब्द. चालताना पोटऱ्या भरून येणारा तरुण विडी ओढणारा असेल, तर तंबाखूने बारीक रोहिण्या बंद पाडणारा बर्जर नावाचा विकार आधी आठवावा, तो निराळा. आपल्या भागातील सिकलसेलचेही तसेच. हातपाय दुखतात, थकवा येतो, म्हणून सिकलसेलची चाचणी करणे येथे उचितच आहे. पण सिकलसेलमुळे मनगटातली नाडी नाहीशी होत नाही, हे लक्षात असू द्यावे.

मुलांविषयी मला अधिक काळजी वाटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा रक्तदाब आपल्याकडे कोण मोजतो? डोके दुखते म्हटले की चष्मा, धाप लागते म्हटले की दमा. मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाल्याने रक्तदाब वाढून, त्या भाराने मुलाचे हृदय थकले, तरच पट्टा बांधला जातो. शाळेतील आरोग्य तपासणीला डॉक्टर आले आणि मूल वारंवार डोकेदुखीची तक्रार करीत असेल, तर रक्तदाब मोजण्याची आठवण पालकांनीच करून द्यावी. पट्टा मुलांच्या दंडाच्या मापाचा असावा. मोठ्यांचा पट्टा बांधला तर आकडा चुकतो.

पण सर्वांत जास्त जपायचे ते गरोदरपणात. प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजला जातो, आणि सोयीसाठी बहुधा एकाच हातात. आता ज्या हाताकडे जाणारी रोहिणी अरुंद झाली आहे, नेमका तोच हात पट्ट्याखाली आला, तर यंत्र ११० वर ७० दाखवते. सगळ्यांना हायसे वाटते. महारोहिणीत प्रत्यक्षात १८० चा दाब असतो. हा आकडा औषधाच्या चुकीइतकाच घातक, कारण तो वाढलेला रक्तदाब झाकून ठेवतो. आणि तो दाब आईच्या मेंदूवर, हृदयावर आणि पोटातल्या बाळाच्या वाढीवर आपला परिणाम करीतच राहतो. दुसरी बाजू अशी की, दुसऱ्या हातात रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो गरोदरपणामुळे वाढला आहे असे गृहीत धरले जाते. गरोदरपणामुळे वाढणारा रक्तदाब सहसा विसाव्या आठवड्यानंतर वाढतो. त्याआधीच वाढलेला असेल, किंवा बाळंतपणानंतर तीन महिने उलटूनही उतरला नसेल, तर त्याला वेगळे कारण आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. नाव नोंदवायला जाल त्या पहिल्याच दिवशी दोन्ही हातांत रक्तदाब मोजून घ्या आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्या. पाच मिनिटे लागतात.

नाडी कशी पाहावी तेही सांगतो. तळहात वर करून हात मांडीवर सैल ठेवावा. बांगड्या कोपराकडे सरकवाव्या. काचेच्या बांगड्यांचा चुडा मनगटावर घट्ट असला की नाडी पाहणे टाळले जाते, असा माझा अनुभव आहे. अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या आतल्या बाजूला तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अलगद टेकवाव्यात. पाहणाऱ्याने आपला अंगठा वापरू नये, त्यात स्वतःचीच नाडी जाणवते. मग दोन्ही मनगटे एकाच वेळी धरून तुलना करावी: ठोके एकदम येतात का, सारख्या जोराचे आहेत का. आपल्याकडे स्त्रीची नाडी डाव्या हाताची पाहण्याचा जुना वैद्यकीय संकेत आहे. योगायोग असा की, या विकारात डाव्या हाताकडे जाणारी रोहिणीच सर्वाधिक वेळा बिघडते. अर्थात संकेत पाळून एकच हात पाहिला तर तुलना राहूनच जाते. पहिल्या प्रयत्नात नाडी सापडली नाही म्हणून घाबरू नये. बहुतेक वेळा बोटे चुकीच्या जागी असतात किंवा हात गारठलेला असतो. आशाताईंना किंवा परिचारिकेला दाखवावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, बाही दंडावर घट्ट गुंडाळू नये, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. दोन हातांत दहापर्यंतचा फरक निरोगी माणसांतही आढळतो. फरक त्याहून जास्त असेल तर पुन्हा मोजावा, आणि वारंवार तसाच येत असेल तर फिजिशियनना दाखवावे. साठीपुढच्या माणसांत अशा फरकाचे कारण बहुधा रोहिणीत बसलेली चरबी असते. चाळिशीच्या आत मात्र या लेखातला विकार मनात यायला हवा. पायांतला रक्तदाब एरवी हातांपेक्षा थोडा अधिकच असतो. तो कमी भरला तर छाती-पोटातील महारोहिणी अरुंद झाल्याची शंका येते. डॉक्टर मानेवर, गळपट्टीच्या हाडाखाली आणि बेंबीच्या आसपास नळी लावून ऐकतात. अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताची घरघर तिथे ऐकू येते.

पुढची वाट यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून सुरू होऊ शकते. तेथून गरजेप्रमाणे सेवाग्राम किंवा नागपूर. रक्ताच्या तपासणीत ईएसआर आणि सीआरपी पाहतात. पण ते सामान्य आले म्हणून दाह नाहीच असे म्हणता येत नाही, भिंतीत तो धुमसत असू शकतो. खरा निवाडा चित्रांवर होतो: रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी आणि सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी. पुष्कळदा रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवले जाते. सांधे दुखत नसताना तिकडे का, म्हणून घरचे कुरकुरतात. शरीर स्वतःवरच उलटते असे बहुतेक विकार हेच तज्ज्ञ हाताळतात, म्हणून. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे चौकशी करावी आणि शिधापत्रिका सोबत ठेवावी.

उपचारांचा पाया स्टेरॉइडचा. आपल्याकडे या शब्दाची धास्ती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. तोंडावर सूज येते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणूनच सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात, सोबत कॅल्शियम देतात, आणि मात्रा हळूहळू उतरवता यावी म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे जोडतात. बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइड एकाएकी बंद करणे हे मात्र ती घेण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे. शरीराची स्वतःची निर्मिती तोवर मंदावलेली असते. अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद करता येते किंवा वळणमार्ग जोडता येतो, पण शक्यतो दाह शमल्यावर. सुजलेल्या भिंतीत केलेले काम टिकत नाही. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे; मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट आणि रक्तदाबाची काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने ती वेळीच बदलावी लागतात. दाह शांत असताना, नीट देखरेखीखाली या स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात, हे सासर-माहेर दोघांनीही ऐकून ठेवावे.

आपल्या त्या विवाहितेच्या बाबतीत निदान झाल्यावर घरच्यांनी करायचे काम साधे आहे. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने, मोठ्या अक्षरांत लिहावे: 'रक्तदाब उजव्या हातातच मोजावा. डाव्या हातातील आकडा खरा नाही.' दोन्ही हातांच्या रोहिण्या अरुंद असतील, तर कोणत्या पायात मोजायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ती फाइल तापासाठी, दातासाठी, बाळंतपणासाठी, जिथे जाल तिथे सोबत न्यावी, आणि पट्टा बांधण्यापूर्वी दाखवावी.